मला चार तास पुरतात

बरी झाले, असं मी अजून कोणाला म्हणत नाही. म्हटलं की त्याच रात्री झोप जाते, असं दोनदा झालंय. तेव्हा एवढंच लिहिते की सध्या मी रात्री साडेपाच तास झोपते, कधी सहा. आठवड्यातली एखादी रात्र अजूनही कोरी जाते. पूर्वी अशा रात्रीनंतर वाटायचं, आता संपलं आपलं. आता दुसऱ्या दिवशी वरण-भात लावते आणि शाळेत जाते.

मी भिलाईतल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. लिहायचा सराव नाही. पण ज्या दिवसांत मी अंधारात फोन छातीशी धरून ‘झोप न आल्याने माणूस मरतो का’ असं शोधत होते, तेव्हा मला डॉक्टरी ज्ञान नको होतं. कोणा बाईने ‘मलाही झालं होतं, मी अजून आहे’ एवढं लिहिलेलं हवं होतं. ते सापडलं नाही, म्हणून मीच लिहिते आहे. यात माझा एक अपराधही आहे. तो गाळला तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

आवाज करायचा नाही

माझं लहानपण सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. एक आठवडा ए शिफ्ट, एक बी, एक सी. सी म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. त्या आठवड्यात बाबा सकाळी घरी येत, पोळी-भाजी खात, खिडकीला काळी चादर लावत आणि आठ वाजता डोक्यावरून पातळ चादर ओढून झोपत ते थेट दुपारी तीनपर्यंत.

त्या सात तासांत आमच्या घरात आवाज म्हणजे गुन्हा. कुकरची शिट्टी होते म्हणून आई सी शिफ्टच्या आठवड्यात भात उघड्या पातेल्यात शिजवायची. बेलची वायर काढून ठेवलेली असे. चपला हातात घेऊन घरात यायचं. मी आणि दादा हातवारे करून भांडायचो, आणि खरं सांगते, असं भांडण जास्त लागतं. आमच्या लाइनीत बहुतेक घरांत हेच. कोणाच्या दारावर ‘रात्रपाळी’ लिहिलेला पुठ्ठा टांगलेला दिसला की भाजीवालासुद्धा हाक न मारता पुढे जाई.

एकदा माझ्या हातून स्टीलचा डबा पडला. आईने एक शब्द न बोलता माझा कान असा पिळला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ओरडायचीही सोय नव्हती.

मी गणितात हुशार. सातवीत असताना वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतं की माझ्या सुट्टीच्या किती दुपारी बाबा झोपलेले होते. आकडा आता आठवत नाही, उत्तर आठवतं. बाबा घरात असून नव्हते, आणि त्यांना झोपेने नेलं होतं. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ. हे मला कोणी शिकवलं नाही, मी स्वतः गणित करून काढलं होतं, म्हणून त्यावर माझा फार विश्वास होता.

तीन शिफ्ट, एक बाई

लग्नानंतर आम्ही वैशाली नगरात राहायला आलो. माझा नवरा दिनेश कारखान्याच्या ऑफिसात आहे, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. आम्हाला एकच मुलगी, रेवा. ती माझ्याच शाळेत आहे. ही गोष्ट घडली तेव्हा ती पाचवीत होती.

मला सरकारी व्याख्याता व्हायचं होतं. भरतीची परीक्षा होती आणि वयाची मर्यादा जवळ आली होती. मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. ए शिफ्ट, शाळा. बी शिफ्ट, घर. सी शिफ्ट, मी. रात्री दहाला रेवा झोपली की मी पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात बसायची ती दीड वाजेपर्यंत. साडेपाचला उठायचं.

आम्ही कारखान्याची लेकरं. चोवीस तासांचे तीन तुकडे होतात हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं की त्यात झोपेचा तुकडा कुठे आहे, हे मी बघितलंच नाही. कारखान्यात तीन शिफ्टला तीन वेगळी माणसं असतात, एवढी साधी गोष्ट गणिताच्या बाईच्या लक्षात आली नाही.

दिनेश चिडवायचा, “मॅडम, इथं ओव्हरटाइम नाही भेटत बरं!”

स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, बाई गं, रविवारी मी नऊपर्यंत झोपले, की मी डबा उघडता उघडता सहज म्हणायची, “मला चार तास पुरतात.” त्या ‘सहज’ची मी वाट बघत असायची. दीड वर्ष मी हे वाक्य मिरवलं.

परीक्षा झाली. थोडक्यात राहिले. एक दिवस रडले, मग पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. कपाटातला कागद फाडला. म्हटलं, चला, आता झोपू. त्या रात्री दहा वाजता मी गादीवर पडले आणि झोप आली नाही.

संध्याकाळची भीती

पहिले चार-पाच दिवस मी हसण्यावारी नेलं. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, दमले की येईल. मी दमले, झोप आली नाही. जायफळ घातलेलं दूध प्यायले. शेजारच्या काकूंनी तळपायाला तेल चोळायला सांगितलं, तेही केलं. तळपाय मऊ झाले.

मग भीती सुरू झाली. ती रात्री येत नाही, संध्याकाळी येते. आमच्या गल्लीतून नऊ-सव्वानऊला रात्रपाळीचे लोक कारखान्याकडे निघतात, मोटरसायकली एकामागून एक सुरू होतात. तो आवाज आला की मी घड्याळाकडे बघायची. पुढे पुढे तर चार वाजताच, उन्हं उतरायला लागली की हातपाय गार पडायचे. रेवा म्हणायची, आई, आज पोहे कर. मी कढई ठेवायची आणि मनात एकच, आज येईल ना? नाही आली तर?

बिछान्यात छाती इतकी धडधडायची की दिनेशला ऐकू येईल असं वाटे. डोळा लागतोय असं वाटलं की आतून कोणीतरी ‘आली, आली!’ म्हणायचं आणि मी टक्क जागी व्हायची. तीन वाजले की हिशोब. आता लागली तर अडीच तास. आता लागली तर दोन. बाहेर कुत्रं भुंकलं तरी त्या कुत्र्याचा राग यायचा, आणि दिनेशच्या घोरण्याचा तर इतका की एकदा मी त्याच्याकडे बघून रडले.

दिवसा डोकं चालेना. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पुढची पायरी आठवली नाही. मुलं कुजबुजायला लागली. गॅसवर दूध ठेवून दुकानात गेले. रिकाम्या स्वयंपाकघरात कोणीतरी ‘वर्षा’ अशी हाक मारली, स्पष्ट, आईच्या आवाजात. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. वेड लागतंय, दुसरं काय! आमच्या नात्यात एका मावशीला लागलं होतं. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, म्हणून मला तिच्यासारखंच होणार याची खात्री पटली होती.

दिनेशला मी अर्धंच सांगितलं, जरा झोप कमी झालीय म्हणून. जवळच्या सुपेला भागातल्या एका डॉक्टरांकडे एकटी गेले. दवाखान्यात गर्दी होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, “टेन्शन है कुछ?” आणि गोळ्या लिहून दिल्या. झोपायच्या आधी एक, असं सांगितलं. त्या मी पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवून ठेवल्या.

सुपेल्याची सकाळ

ही माझी चूक.

त्या रात्री मी गोळी घेतली नव्हती. गोळीशिवाय झोपून दाखवायचं होतं मला, कोणाला ते माहीत नाही. साडेतीन वाजले. घाबरून उठले आणि तेव्हा गोळी घेतली. साडेपाचला गजर झाला, उठले, डबे केले, आणि पावणेसातला रेवाला मागे बसवून स्कूटी काढली.

सुपेल्याच्या चौकाच्या आधीचं मला आठवतं. एका दुकानाचं शटर उघडत होतं. त्यानंतरचं नाही. मधला तुकडाच नाही. मग पाठीवर धपाधप बुक्के आणि रेवाचा आवाज, “आई! आई! आई!” डोळे उघडले तर स्कूटी रस्त्याच्या उजव्या अंगाला गेलेली आणि समोर ट्रक, अगदी समोर, हॉर्न दाबून धरलेला. मी हँडल कसं वळवलं माहीत नाही. आम्ही एका हातगाडीला घासून थांबलो. हातगाडीवाला ओरडला, “मरना है का बाई? लइका को भी मारोगे?” लइका म्हणजे लेकरू.

रेवा उतरली आणि तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

“आई, तुझे डोळे बंद झाले होते.”

“धूळ गेली गं डोळ्यात.”

शाळेच्या फाटकाशी मी तिला थांबवलं आणि म्हटलं, “पप्पांना सांगू नको हं. उगीच घाबरतील.”

दहा वर्षांच्या लेकराला मी हे सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटी काढली, कारण काढली नसती तर का नाही काढली हे सांगावं लागलं असतं. हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतो.

त्या दिवसापासून रेवा गाडीवर बडबड करायला लागली. घरून निघाल्यापासून शाळेपर्यंत तोंड बंद नाही. “आई, सतरा नव्वे किती? आई, त्या पाटीवर काय लिहिलंय? आई, आता तू मला तेराचा पाढा उलटा म्हणून दाखव.” मला वाटलं, पोरीला गणिताची गोडी लागली. स्टाफरूममध्ये मी कौतुकाने सांगितलंसुद्धा.

तिसरा तास

दोन-तीन आठवड्यांनी रेवाच्या वर्गशिक्षिकेने मला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. म्हणाली, “रेवा रोज थर्ड पीरियड में सो जाती है. घर पे सब ठीक है ना?”

मला राग आला. दिवसभर तो राग धरून ठेवला आणि घरी आल्यावर दप्तरही उतरवू दिलं नाही तिला.

“रात्री काय करतेस तू? मोबाइल घेतेस का पांघरुणात?”

“नाही.”

“मग शाळेत झोपतेस कशी? लाज नाही वाटत? शिक्षिकेची मुलगी ना तू?”

ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, “मी तुला चेक करायला उठते ना रात्री. तू झोपली की नाही ते. नाही झोपली तर मग सकाळी मला जादा बोलावं लागते. झोपली असली तर थोडं कमी बोललं तरी चालते.”

मी खाली बसले. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसले.

तेव्हा कळलं ते पाढे कशाचे होते. त्या पोरीने माझं ऐकलं होतं, पप्पांना सांगितलं नव्हतं, आणि मग माझ्या डोळ्यांची ड्यूटी स्वतःवर घेतली होती. रोज सकाळी ती एका अशा गाडीवर बसत होती जिच्यावर आपण मरू शकतो हे तिला माहीत होतं. आणि तरी बसत होती, कारण ती बसली नसती तर मी एकटी गेले असते.

दिनेश आल्यावर मी सगळं सांगितलं. ट्रक, गोळी, साडेतीन, आईची हाक. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“तू मले सांगितलं कावून नाही?”

“तुला काळजी—”

“पोरगी मरून जाती वर्षा! पोरगी!”

त्याने स्कूटीची किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला ते बरं वाटलं, कारण मला शिक्षा हवी होती.

पहिला प्रश्न

मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर मी आधी तोंड बांधून घेतलं स्कार्फने, ऊन नसताना. हॉस्पिटलच्या त्या दाराबाहेर शाळेतल्या एका पालकाने बघितलं तर काय, ही भीती. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, खेड्यातून आलेली. तिने माझ्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं, मी दिली. पाणी पिऊन तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. माझा नंबर येईपर्यंत तिने तो काढला नाही. तिचं नाव मला माहीत नाही.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. मला वाटलं होतं त्या बालपण वगैरे विचारतील. पहिला प्रश्न आला, “घर में गाड़ी कौन चलाता है?”

मला हुंदका आवरेना. त्या थांबल्या. मग मी रडत रडत सांगितलं ते त्यांनी सगळं लिहून घेतलं. पहाटे घेतलेल्या गोळीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. बरंच बोलल्या, रागावून. माझी चूक मला माहीत होतीच, आता ती कागदावर आली. “जब तक मैं न कहूँ, गाड़ी नहीं,” असं त्यांनी चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहिलं, औषधाच्या आधी.

मला वेड लागतंय का, हे विचारायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या म्हणाल्या, नाही. ती हाक न झोपलेल्या डोक्याने मारलेली आहे, बऱ्याच जणांना ऐकू येते. या आजाराला नाव आहे, उपाय आहे, पण उपाय सोपा नाही. “आप नींद से डरती हैं. पहले वो डर निकालेंगे.”

एक वाजेपर्यंत

उपाय ऐकून मला हसू आलं होतं. रात्री एक वाजेपर्यंत बिछान्यात जायचं नाही. साडेपाचला उठायचं, झोप लागो न लागो. दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप लागली नाही तर बिछान्यातून बाहेर. खोलीतलं घड्याळ काढायचं. म्हणजे पुन्हा तेच चार-साडेचार तास, जे मी दीड वर्ष मिरवले होते, आता डॉक्टरांच्या सहीने!

फरक एवढाच, की आता मला झोप हवी होती आणि परवानगी नव्हती.

प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, माझा वाचून कोणी स्वतःवर लावू नये. हे मी डॉक्टरबाईंना शब्द दिलाय म्हणून लिहिते.

पहिले दहा दिवस भयानक गेले. अकरा वाजता खुर्चीत बसल्या बसल्या मान पडायची आणि मी उभी राहायची. एक वाजता बिछान्यात शिरले की तीच झोप पळून जायची. वहीत रोज लिहायचं होतं, झोप अंदाजे कधी लागली. मला अंदाजे लिहिता येत नाही, तो माझा धंदाच नाही. वही भरताना भांडण व्हायचं माझं माझ्याशीच. नवव्या दिवशी मी डॉक्टरबाईंना फोन करून ओरडले की तुम्ही मला मारताय. त्या म्हणाल्या, “कल फिर साढ़े पाँच.” आणि ठेवला फोन.

सकाळी आता दिनेश आम्हा दोघींना शाळेत सोडायचा. रेवा तरीही रात्री उठायची. दारात पावलांचा आवाज आला की मी डोळे मिटून, श्वास लांब करून पडून राहायची. तिला वाटू दे आई झोपली. ती थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. मला वाटायचं, जमलं.

वर्गशिक्षिकेने पुन्हा सांगितलं, रेवा अजून झोपते.

बाबा

बाबा तेव्हा दोन गल्ल्या सोडून दादाकडे राहायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. माझ्या आजाराचं त्यांना दिनेशने सांगितलं असावं. एका रविवारी सकाळी आले, हातात बोरांची पिशवी, आणि दारापुढच्या ओट्यावर बसले.

“कावून वो, अजून झोप नाही येऊन राहिली?”

मी चिडलेलीच होते. म्हटलं, “तुम्हाला काय कळणार बाबा. तुम्ही तर पडल्या पडल्या झोपायचे. सात-सात तास. आम्ही श्वास रोखून बसायचो.”

बाबा बोरं निवडत होते. किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला.

“दिवसा नाही लागे मले झोप,” ते म्हणाले.

मला वाटलं, आताचं सांगतायत.

“सी शिफ्टमधी. एक-दीड तास लागे सकाळी, मंग डोळा उघडे तो उघडेच. पण तुही माय कुकर नाही लावे. तुम्ही लेकरं चपला हातात घेऊन फिरा. मले सारं दिसे ना चादरीतून. मी म्हणो, आता उठलो तं तिले वाटन एवढं करूनही यायले झोप नाही. मंग डोळे मिटून पडून राहो तीन वाजेलोक.”

“इतकी वर्षं?”

“मंग काय. रात्री भट्टीपाशी भेव वाटे मले. डोळा लागला तं? रोज वाटे. सांगू कोणाले?”

माझी सातवीतली वही, ते गणित, त्यावर उभं केलेलं सगळं आयुष्य. बाबा चादरीपलीकडे जागे होते. आम्ही इकडे गप्प, ते तिकडे गप्प, आणि सगळे एकमेकांसाठी. एका हाकेवर होते ते.

बाबा उठले, धोतराला हात पुसले आणि जाता जाता म्हणाले, “आणि एक सांगतो. तुही माय नाही फसे. तिले माहीत होतं, मी जागाच हावो म्हणून. पण तिनंही नाही सांगितलं.”

ते गेल्यावर पाच मिनिटांनी मला कळलं, की रेवाही फसत नव्हती.

सात वाजता

त्याच संध्याकाळी मी रेवाला बिछान्यावर समोर बसवलं. बाहेर नुकताच अंधार पडला होता. मला शाळेत शंभर जणांसमोर बोलायची सवय आहे, पण तेव्हा पहिलं वाक्य मी मनात तीनदा म्हणून बघितलं.

“रात्री तू दारात येतेस तेव्हा मी झोपलेली नसते. नाटक करते.”

“मला माहिती आहे,” ती म्हणाली. “सच्ची झोपलेल्याचं तोंड थोडं उघडं असते. तुझं बंद असते.”

“मला आजार आहे. झोपेचा. डॉक्टर औषध देतायत, उपाय करून राहिलोय आपण. पण आज रात्री मला झोप येईल की नाही, मला माहीत नाही. उद्याचंही माहीत नाही.”

“नाही आली तर?”

“तर मी जागी राहीन. सकाळी चिडचिड करीन. पण मरणार नाही. आणि गाडी चालवणार नाही. किल्ली पप्पांकडे आहे. डॉक्टर हो म्हणतील तोवर मी मागितली तरी ते देणार नाहीत, तू त्यांना विचार.”

ती उठली आणि खरंच विचारायला गेली. दिनेशने खिशातून किल्ली काढून तिला दाखवली. ती परत आली, माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, “आणि मी तुला पप्पांना सांगू नको म्हटलं ना, ते मी चुकीचं केलं. फार चुकीचं. तू मला मारलंस तरी चालेल.”

तिने मारलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तशीच, हातगाडीजवळ बघितलं होतं तशी. मला भीती वाटत होती की हे लेकरू आता माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही. ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही.

“पक्का ना?” ती म्हणाली. “गाडी नाही?”

“पक्का.”

“तू जागी असली तरी काही नाही होत?”

“काही नाही होत.”

तिने एक मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. इतक्या दिवसांत ते वर चढलेले होते हे मला दिसलंच नव्हतं.

“तर मग मी झोपू आता?”

सात वाजले होते. जेवण व्हायचं होतं, गृहपाठ व्हायचा होता.

मी म्हटलं, “झोप.”

ती तिथेच आडवी झाली, आणि मी उशी आणेपर्यंत तिचं तोंड थोडं उघडं पडलं होतं.